आईचं डायलिसिस आणि आमचं घर

किडनीचा आजार घरात आला की पहिली अडचण अशी, की आजारी माणूस आजारी दिसत नाही. आमच्या आईचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा एक टाकाऊ पदार्थ, २.६ म्हणजे नेहमीच्या दुपटीहून जास्त आलं, तेव्हा ती रोज ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून भाजी आणत होती, नातवाला शाळेत सोडत होती आणि उन्हाळ्याची वाळवणंही तिनेच घातली होती. संध्याकाळी पायांवर सूज यायची, ती दिवसभर उभं राहिल्यामुळे येते असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं. लघवीला फेस येतो हे तिने कुणाला सांगितलंच नव्हतं. मधुमेह मात्र जुना, दादाच्या बारावीच्या वर्षापासूनचा, आणि त्याच्या मागोमाग बीपीची गोळी सुरू झालेली.

नेफ्रॉलॉजिस्टनी, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांनी, कागदावर आकडे लिहून समजावलं. वय, स्त्री की पुरुष आणि क्रिएटिनिन यांवरून किडनी किती काम करते याचा अंदाज काढतात, त्याला ईजीएफआर म्हणतात. आईचा २० होता. ६०च्या खालचा आकडा तीन महिन्यांहून जास्त राहिला तर आजार कायमचा धरतात. ३०च्या खाली आला की चौथी पायरी, १५च्या खाली पाचवी आणि शेवटची. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जास्तीत जास्त टिकवायचं, असं त्यांनी आईकडे बघून सांगितलं. मग त्यांनी विचारलं, घरी कोण कोण असतं? स्वयंपाक कोण करतं, औषधं कोण आणतं, रिपोर्ट कोण सांभाळणार, बरोबर कोण येणार? वहिनी प्रत्येक प्रश्नाला ‘मीच’ म्हणत गेली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, “हे वर्षानुवर्षं चालणारं काम आहे. एका माणसावर टाकलंत तर दोन पेशंट होतील. आजच वाटून घ्या.”

त्या रविवारी आम्ही नौपाड्याच्या घरी बसलो. आई-बाबा, दादा-वहिनी आणि भाचा तिथे एकत्र राहतात. मी ऐरोलीला, म्हणजे ट्रान्सहार्बरने ठाण्यापासून दुसऱ्या स्टेशनावर. आपल्याकडे अशा वेळी काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. सून घरात असते म्हणून सगळं तिच्या अंगावर येतं, मुलगी फळं घेऊन भेटायला येते, आणि मुलगा बिल भरून मोकळा होतो. मला हे मान्य नव्हतं आणि दादालाही नव्हतं. म्हणून कामं नावानिशी लिहिली. डॉक्टर, तपासण्या, रिपोर्टची फाइल आणि बरोबर जाणं माझ्याकडे. पैसे, विमा, सरकारी योजना, औषधांची खरेदी दादाकडे. सकाळ-संध्याकाळ बीपी आणि सकाळचं वजन लिहिण्याचं काम भाच्याने मागून घेतलं. स्वयंपाक वहिनी आणि आई मिळून. बाबांकडे आईला रोज तलावपाळीवर फिरायला नेणं आणि औषधाच्या वेळा. आणि महिन्यातला एक शनिवार-रविवार वहिनीने माहेरी जायचं, तेव्हा स्वयंपाकघर माझ्याकडे. हे शेवटचं कलम आईनेच घातलं.

फाइलबद्दल थोडं सांगते, कारण तिचा उपयोग फार झाला. दर तपासणीचे क्रिएटिनिन, पोटॅशियम, फॉस्फरस, हिमोग्लोबिन, लघवीतलं प्रथिन हे आकडे मी एका पानावर तारखेनिशी खाली खाली लिहीत गेले. डॉक्टरांना रिपोर्टांचा गठ्ठा चाळावा लागत नाही, आकडे कुठे चाललेत ते एका नजरेत दिसतं. त्याच पानाच्या मागे आमचे प्रश्न. केबिनमध्ये शिरल्यावर निम्मे प्रश्न डोक्यातून जातात.

दुसऱ्या भेटीला डॉक्टरांनी घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणायला सांगितली होती. त्यात गुडघेदुखीच्या गोळ्या निघाल्या, केमिस्टकडून परस्पर आणलेल्या. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांनी किडनीवर थेट ताण येतो. त्या त्याच दिवशी बंद झाल्या. मधुमेहाचं मेटफॉर्मिन हे औषधही बंद झालं, कारण ईजीएफआर ३०च्या खाली गेला की ते देत नाहीत. इन्सुलिन कमी केलं. ही गोष्ट आम्हाला नवी होती: किडनी मंदावली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं, त्यामुळे तेवढ्याच डोसने साखर अचानक खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हात थरथरणं, बोलणं असंबद्ध होणं ही लक्षणं घरातल्या प्रत्येकाला, नातवालासुद्धा, सांगून ठेवली. अशा वेळी फळांचा रस द्यायचा नाही, त्यात पोटॅशियम असतं. पाण्यात साखर किंवा ग्लुकोज घालून द्यायचं.

पिशवीत एका नातेवाइकांनी दिलेली चूर्णाची डबीही होती, क्रिएटिनिन उतरवणारी म्हणून. अशी डबी प्रत्येक किडनीच्या पेशंटच्या घरी येते. देणाऱ्याची माया खरी असते, पण डबीत काय आहे हे त्यालाही माहीत नसतं. काही भस्मांत आणि चूर्णांत जड धातू सापडलेले आहेत आणि ते किडनीलाच बाधतात. आम्ही सगळ्यांनी एकच उत्तर ठरवलं: “डॉक्टरांना विचारून मगच देऊ.” वाद घातला नाही. आईला मात्र दर वेळी नवी आशा आणि नवा नकार सोसावा लागू नये म्हणून अशा गोष्टी आधी दादाकडे जातील असं केलं.

त्याच आठवड्यात दादाची आणि माझी तपासणी झाली. आईवडिलांपैकी कुणाला हा आजार असेल तर मुलांनी बीपी, साखर, क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्यावं. खर्च फार नाही. दादाची साखर सीमेवर निघाली. ती एरवी कळायला आणखी काही वर्षं गेली असती.

आता स्वयंपाकघर. आमचं मूळ गाव चिपळूणजवळ, त्यामुळे घरात माशाशिवाय पान हलत नाही. पावसाळ्यात सोडे, सुके बोंबील, जवळा; बरणीत कैरीचं लोणचं; ताटात पापड. मीठ सगळीकडे. डॉक्टरांनी सांगितलेलं प्रमाण दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून सपाट चहाचा चमचाभरही नाही. आईसाठी वेगळं अळणी शिजवायचं की सगळ्यांनीच कमी मीठ खायचं, यावर चर्चा झाली. वहिनीने निकाल लावला: स्वयंपाक एकच, कमी मिठाचा, आणि ज्याला हवं त्याने ताटात वरून घ्यावं. आईला वेगळं ताट मांडलं जात नाही हे फार महत्त्वाचं ठरलं. दोनेक महिन्यांत सगळ्यांच्या जिभेला सवय झाली. बाबांचं बीपीही सुधारलं. मामलेदारची मिसळ आणि सुकी मासळी घरात येणं बंद झालं. चवीला लिंबू, आमसूल, लसूण, जिरं, कोथिंबीर, ओलं खोबरं थोडंसं. एक इशारा इथेच देते. दुकानात ‘लो सोडियम’ म्हणून जे मीठ मिळतं त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. किडनीच्या पेशंटला ते धोक्याचं आहे. सैंधवही शेवटी सोडियमच.

पोटॅशियम आम्हाला मिठापेक्षा अवघड गेलं, कारण ते जिभेला कळत नाही. रक्तात ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, थेट थांबूही शकतात. बटाटा, रताळं, सुरण, टोमॅटो, पालेभाज्या, केळी, चिकू, आंबा, सुकामेवा या सगळ्यांत ते भरपूर. आहारतज्ज्ञांनी दाखवलेली रीत अशी: भाजी सोलून बारीक चिरायची, भरपूर कोमट पाण्यात दोनेक तास ठेवायची, ते पाणी टाकायचं, नव्या पाण्यात उकळायची, तेही पाणी टाकायचं आणि मग फोडणी द्यायची. आईला हे बघवत नसे. भाजीचं पाणी ओतून देणं तिच्या हाताला जमतच नव्हतं, जन्मभर तिने ते आमटीत वापरलेलं. पहिले काही दिवस तिने हे काम वहिनीला करू दिलं, आणि मग एक दिवस स्वतःच उठून करू लागली. सगळंच वर्ज्य नव्हतं. दुधी, पडवळ, कोबी, काकडी, सफरचंद, पेरूची फोड, पपईची फोड चालायची. आंब्याच्या दिवसांत तिला हापूसची एक लहान फोड मिळायची, रिपोर्टमधलं पोटॅशियम बघून. ती एक फोड ती सावकाश, सगळ्यांबरोबर बसून खायची. करमरं (स्टारफ्रूट) मात्र पूर्ण बंद. त्यात किडनीच्या पेशंटच्या मेंदूला बाधणारं द्रव्य असतं, आणि ते निरोगी किडनीच बाहेर टाकू शकते.

आणि शहाळं! आजारी माणसाला भेटायला जाताना आपण शहाळंच घेऊन जातो. आईला त्यातला एक घोटही नको होता. आलेल्या पाहुण्याला दारात कसं सांगायचं, म्हणून आम्ही नातेवाइकांच्या ग्रुपवर आधीच लिहून टाकलं: शहाळं, मोसंबी, सुकामेवा आणू नका, यायचंच असेल तर तासभर मोकळा ठेवून पत्ते खेळायला या. माझी मावशी अजूनही दर गुरुवारी कळव्याहून येते आणि दोघी झब्बू खेळतात.

या पहिल्या दीड वर्षात आम्ही जे केलं त्यातलं सगळ्यात उपयोगाचं काम हाताचं होतं. डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं की आईचा डावा हात राखून ठेवा. रक्त काढायचं, सलाइन लावायचं, बीपी बघायचं, सगळं उजव्या हाताला. पुढे डायलिसिस, म्हणजे मशीनने रक्त धुणं, लागलं तर डाव्या हाताच्या शिरा चांगल्या हव्यात. प्रत्येक लॅबमध्ये, प्रत्येक तपासणीला हे आपणच सांगावं लागतं. आईच्या पर्समध्ये चिठ्ठी होती आणि माझ्या फाइलवर लाल पेनने लिहिलेलं होतं. हिपॅटायटिस बीची लस याच काळात घेतली. किडनीच्या पेशंटला तिची मात्रा दुप्पट लागते, आणि डायलिसिस सुरू व्हायच्या आधी दिली तर ती चांगली लागू पडते.

ईजीएफआर १२ वर आला तेव्हा फिस्टुलाचं ऑपरेशन झालं. मनगटाजवळची एक रोहिणी शेजारच्या नीलेला जोडतात. रोहिणीतलं जोराचं रक्त नीलेत शिरतं आणि नीला फुगून जाड होते, तिच्यात दर वेळी दोन सुया घालता येतात. हात तयार व्हायला दीड ते तीन महिने लागतात, म्हणून ऑपरेशन आधीच करावं लागतं. पुष्कळ घरांत ते पुढे ढकललं जातं. फिस्टुला केला म्हणजे डायलिसिस ओढवून घेतलं असं लोकांना वाटतं. मग एका रात्री धाप लागते, पेशंटला तातडीने ॲडमिट करावं लागतं आणि मानेत नळी घालून सुरुवात होते. त्या नळीत जंतुसंसर्गाचा धोका मोठा. आईला मानेची नळी एकदाही लागली नाही. पुढचं सगळं त्यामुळे सोपं गेलं.

फिस्टुलाच्या हातात घट्ट काही घालायचं नाही. डाव्या हातातल्या हिरव्या बांगड्या आणि पाटली काढायची म्हटल्यावर आई गप्प झाली. लग्नापासून तो हात कधी मोकळा राहिला नव्हता. बाबा तिच्याशेजारी बसले, म्हणाले, “उजव्या हातात दोन्ही हातांच्या घाल. माझी काही हरकत नाही, देवाचीही नसेल.” वहिनीने साबण लावून हळूहळू बांगड्या काढल्या. आता तिच्या उजव्या हातात डझनभर बांगड्या किणकिणतात आणि डाव्या हातात कंप असतो. तो कंप सकाळ-संध्याकाळ बोटांनी बघायचा. मांजराच्या पोटावर हात ठेवल्यासारखी घरघर लागते. ती लागली नाही तर उद्याची वाट न बघता लगेच दवाखान्यात जायचं, शीर काही तासांत कायमची बंद पडू शकते. त्या हातावर झोपायचं नाही, त्या हाताने पिशवी उचलायची नाही. टोचल्या जागेतून घरी रक्त आलं तर घाबरून कपडे गुंडाळत बसायचं नाही. स्वच्छ कापडाची घडी ठेवून बोटाने नेमक्या जागी घट्ट दाबून धरायचं, हात उंच ठेवायचा आणि सेंटरला फोन करायचा. हे भाच्यालाही करून दाखवलं, कारण दुपारी घरी तो आणि आजी दोघंच असतात.

डायलिसिस सुरू झालं ते पावसाळ्यात. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी चार तास. एका सुईतून रक्त मशीनकडे जातं, डायलायझर नावाच्या गाळणीतून धुऊन दुसऱ्या सुईतून परत येतं. एका वेळी १२० लिटरच्या आसपास शुद्ध केलेलं पाणी लागतं, म्हणून सेंटरमध्ये पाण्याचा प्लांट कसा आहे, त्याची तपासणी होते का, हे विचारायला संकोच करू नये. पहिल्या दिवशी वेळ कमी ठेवतात. तरी उठताना आईचं डोकं गरगरलं. नंतर पायात गोळे येणं, बीपी खाली जाणं हे अधूनमधून व्हायचं. बीपीची सकाळची गोळी डायलिसिसच्या दिवशी घ्यायची की नाही हे डॉक्टरांना विचारून घ्यावं, आमच्याकडे ती संध्याकाळी घ्यायला सांगितली. घरी आल्यावर ती दोन-तीन तास झोपते. त्या वेळेत कुणी काही विचारायचं नाही, टीव्ही बंद, बेलवर रुमाल. दुसऱ्या दिवशी ती टवटवीत असते. पाहुणे, लग्नकार्यं, बँकेची कामं त्या मधल्या दिवसांत बसवतो.

डायलिसिस सुरू झालं आणि जेवणाचा नियम उलटला. आधी प्रथिनं बेताची होती, आता वाढवायची, कारण दर वेळी थोडी प्रथिनं धुऊन जातात. अंड्याचा पांढरा भाग रोज, ताजे मासे, पनीर. बांगड्याचं कालवण ताटात आलं तो दिवस घरात सणासारखा गेला. जेवणातलं फॉस्फरस रक्तात जाऊ नये म्हणून दिलेली गोळी जेवणाच्या घासाबरोबरच घ्यायची असते, नंतर घेतली तर उपयोग नाही, म्हणून ती ताटातच वाढली जाते.

आणि पाणी. लघवी कमी होत गेली तसा पाण्याचा हिशोब आला: दिवसभरात जेवढी लघवी होते, त्यात साधारण अर्धा लिटर मिळवून तेवढंच. चहा, ताक, आमटी, कलिंगड, सगळं त्यात धरायचं. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन किती वाढलं यावरून किती पाणी काढायचं ते ठरतं. फार वाढलं तर फुप्फुसात पाणी भरून धाप लागते, आणि एकदम जास्त काढलं तर बीपी कोसळतं. मे महिन्यातल्या ठाण्यात, पंख्याखाली घामाने भिजलेल्या माणसाला हे पाळायचं असतं. सेंटरच्या बाहेरच्या बाकावर आम्ही नातेवाईक बसतो तिथे रोजचा विषय हाच. कुणी माठाला कुलूप लावल्यासारखं वागतं, कुणी दर घोटाला ओरडतं, कुणाचे वडील बाथरूमच्या नळाला तोंड लावून पितात.

आमच्या घरी पाण्यावर पहारा नाही. हे डॉक्टरांनी पहिल्यापासून बजावलं होतं आणि आईचा स्वभावही तसा. सकाळी ती स्वतः एक बाटली भरते. दिवसाचं सगळं पाणी त्यातून. चहा झाला की तेवढं पाणी बाटलीतून काढून कुंडीत ओतते. वजनकाट्यावर सकाळी भाचा आकडा वाचतो आणि वहीत लिहिते ती. आकडा जास्त आला तर कुणी काही बोलत नाही, तीच आदल्या दिवशीचं आठवून बघते. बहुतेकदा मिठात कारण सापडतं, कारण तहान पाण्याने लागत नाही, मिठाने लागते. साखर वाढली तरी लागते. घरच्यांच्या हातात काय असतं, तर मीठ कमी ठेवणं, लहान फुलपात्र ठेवणं, बर्फाचे छोटे खडे करून ठेवणं, लिंबाची फोड चोखायला देणं, चूळ भरून टाकायला सुचवणं. आणि तिच्यासमोर उभं राहून गटागटा थंड पाणी न पिणं. माझं ठाम मत आहे की आजारी माणसाचा हिशोब त्याच्याच हातात हवा. त्याच्याकडून तो काढून घेतला की उरतं फक्त चोरून पिणं आणि ओरडा खाणं, आणि आधीच जे शरीर आपल्या हातात राहिलेलं नाही त्यावरचा शेवटचा अधिकारही जातो.

डायलिसिस चुकवायचं नाही, हा दुसरा पक्का नियम. ठाण्यात हे पाळायला डोकं लावावं लागतं. दहीहंडीला जांभळी नाका, टेंभी नाका परिसरातले रस्ते बंद असतात. त्या आठवड्यात आम्ही शिफ्ट पहाटेची मागून घेतो, तेही पंधरा दिवस आधी. नवरात्रात टेंभी नाक्याच्या गर्दीचं तसंच. अतिवृष्टीचा इशारा असला की आदल्या दिवशी सेंटरला फोन करून वेळ अलीकडे ओढून घेतो. घराजवळचं दुसरं एक सेंटर बघून ठेवलं आहे, तिथे कागदपत्रं दिलेली आहेत. आणि एखादा दिवस खरंच चुकला तर दुसऱ्या दिवसापर्यंत फळ नाही, आमटी नाही, पाणी आणखी कमी, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं आहे.

पैशांचं थोडक्यात सांगते. मशीनचा खर्च डोळ्यांसमोर असतो, पण हिमोग्लोबिन टिकवायला लागणारी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं, लोह, तपासण्या, रिक्षा यांचा खर्च त्याच्या बरोबरीने वाढत जातो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन थेट त्यांनाच भेटावं. केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६पासून जिल्हा रुग्णालयांतून चालतो, त्यात दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णांना मोफत सेवा मिळते. आयकरात जुनी करपद्धत घेतली असेल तर ज्येष्ठ नागरिकाच्या उपचारासाठी (१९६१च्या कायद्यात कलम ८०डीडीबी) १ लाखापर्यंत वजावट मिळते, तज्ज्ञ डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन जोडावं लागतं. दादाने हे सगळं एका दमात केलं नाही, एकेक कागद लावत गेला. विम्याचा एक दावा अडकला तेव्हा तो चिडला, पण फाइलमुळे निभावलं.

डायलिसिसच्या चौथ्या-पाचव्या महिन्यात आई उदास झाली. जेवण कमी, फोन घेईना, तलावपाळीला जाईना. एकदा म्हणाली, “तुमचे तीन दिवस माझ्यापायी जातात. मी कशाला जगते आहे?” ‘असं बोलू नये गं’ असं म्हणून विषय मिटवणं सोपं होतं. मी तिच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितलं की डायलिसिसवरच्या पुष्कळ पेशंटना नैराश्य येतं, आणि तोही उपचार करण्यासारखा आजार आहे. समुपदेशकांकडे ती चार महिने जात होती. त्यांनी आम्हाला एक साधा प्रश्न विचारला: आजारी पडल्यापासून आईंकडे घरातलं कोणतं काम राहिलं आहे? आम्ही प्रेमाने तिच्या हातातलं सगळं काढून घेतलं नव्हतं, पण बरंच सुटलं होतं. मग वहिनीने महिन्याचं वाणसामान पुन्हा तिच्याकडे दिलं. भाच्याचा गणिताचा अभ्यास तिने घेतला. मशीनवरच्या चार तासांत ती शेजारच्या खाटेवरच्या तरुण मुलीला विणकाम शिकवते, एका हाताने दाखवून आणि तोंडाने सांगून. बाबाही खचतील आणि ते आमच्या उशिराच ध्यानात येईल अशी भीती होती, म्हणून दादा त्यांना आठवड्यातून एकदा गडकरी रंगायतनपर्यंत फिरवून आणतो, तेव्हा आजाराचा विषय काढायचा नाही असं ठरलं आहे.

किडनी कोण देणार, हा प्रश्न घरात बराच काळ कुणी मोठ्याने विचारला नाही. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे आईवडील, मुलं, भावंडं, नवरा-बायको, आणि २०११च्या दुरुस्तीनंतर आजीआजोबा-नातवंडंही जवळचे नातेवाईक म्हणून देऊ शकतात. आईचा रक्तगट ओ, बाबांचा ए, त्यामुळे त्यांची सरळ चालत नाही. दादाची साखर सीमेवर. माझा गट ओ. मी तयार होते, नवऱ्याशी बोलून झालं होतं. आईने साफ नकार दिला. “तुझी लेकरं लहान आहेत,” एवढंच म्हणाली आणि पुढे बोलू दिलं नाही. मला तिच्याशी भांडावंसं वाटलं. प्रत्यारोपण समन्वयकांनी मला एकटीला बोलावून घेतलं, घरच्यांना बाहेर ठेवून, आणि विचारलं की कुणाचा दबाव आहे का, आणि मी नको म्हटलं तर ते कारण बाहेर न सांगता ‘वैद्यकीयदृष्ट्या जुळत नाही’ एवढंच सांगता येतं, हेही समजावलं. आपल्याकडे किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि मिळणाऱ्यांत पुरुष जास्त असतात, त्यामुळे ही बंद दाराआडची भेट किती गरजेची आहे हे मला तिथे बसल्यावर उमगलं. माझ्यावर दबाव नव्हता. पण नकार देण्याचा हक्क जसा देणाऱ्याला, तसा घेणाऱ्यालाही आहे, हे मी मान्य केलं. मुंबईच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत तिचं नाव रुग्णालयामार्फत नोंदवलं आहे. ठाणे, नवी मुंबई त्याच केंद्राखाली येतं. ओ गटाला थांबावं लागतं. बाबांना अदलाबदलीचा पर्यायही समजावून सांगितला आहे, दोन कुटुंबांतले दाते एकमेकांच्या पेशंटला जुळले तर कायदा त्याला परवानगी देतो. त्याच्या तपासण्या सुरू आहेत. आईने त्याला नाही म्हटलेलं नाही.

सध्या घरात गणपतीची तयारी चालू आहे. आईला गावच्या घरी जायचं आहे. दोन वर्षं गेली नाही. चिपळूणच्या एका सेंटरशी मी बोलून घेतलं, पाच दिवसांत दोनदा मशीन तिथे लागेल. त्यांनी मागितलेली यादी अशी: गेल्या महिन्याचे हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे रिपोर्ट, इथल्या डॉक्टरांचं पत्र, ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचं वजन), हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची मात्रा, शेवटच्या तीन डायलिसिसच्या नोंदी, डायलायझरचा प्रकार. ज्यांना बाहेरगावी जायचंय त्यांनी हे महिनाभर आधी सुरू करावं, सणाच्या दिवसांत जागा भरलेल्या असतात. दादाने कोकण रेल्वेची तिकिटं काढली आहेत. वहिनीने मोदकाच्या सारणात किती खोबरं, किती गूळ, आणि आईच्या वाट्याला किती मोदक, हे आहारतज्ज्ञांना विचारून घेतलं. एक. उकड मात्र आईच काढणार आहे.